कडू म्हणजे कोणतं

प्रणोतीच्या डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, बॉलपेनाने आखलेले सहा चौकोन होते. प्रत्येक चौकोनात एक आकडा आणि प्रत्येक आकड्याचं एक तेल. एक खोबरेल, दोन तीळ, तीन बदाम, चार जवस, पाच एरंडेल, सहा कडू तेल. सकाळ-संध्याकाळ ती कापसाच्या बोळ्याने दोन-दोन थेंब लावायची आणि वहीत लिहायची: लाली नाही, खाज नाही, जिरायला बावीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी सहाव्या चौकोनाच्या कडा लाल झाल्या. चौथ्या दिवशी आत बारीक पुरळ उठलं. तिने त्याचा फोटो काढला आणि तिला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. पाच दिवस सगळीच तेलं शहाण्यासारखी वागली असती, तर सांगायला काय उरलं असतं?

रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन ती सहा महिने जबलपूरला, अधारतालच्या घरी होती. नोकरीसाठी दिलेल्या परीक्षेचा निकाल यायचा होता. वडील आयुध कारखान्यातून निवृत्त झालेले, दादा पुण्याला. आई, सुनेत्रा, विहाराच्या महिला मंडळात जायची. यंदाच्या थंडीत त्या मंडळातल्या बायकांना घरीच साबण, मलम, केसांचं तेल करायचं वेड लागलं होतं. मोबाइलवर बघून कुणी गुलाबाच्या पाकळ्या बदामतेलात मुरवत होतं, कुणी लव्हेंडरचा अर्क जवसाच्या तेलात घालत होतं आणि पंधरा दिवसांत त्याला खवट वास आला म्हणून अर्कवाल्याला शिव्या देत होतं. अर्क असा नुसता अंगाला लावत नाहीत, कुठल्यातरी तेलात मिसळूनच लावतात. ते तेल कोणतं घ्यावं, हा खरा प्रश्न होता, आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं.

"तूच सांग ना मंडळात येऊन," सुनेत्रा म्हणाली. "एवढी शिकली, आमच्या काय कामाची?"

प्रणोतीला असलं काम हवंच होतं. तिने यादी केली. टीपकागदावर थेंब टाकून कोण किती पसरतं ते मोजलं. आईच्या गळलेल्या केसांची छोटी जुडगी बांधून प्रत्येकीला वेगळं तेल लावलं. गच्चीवर सहा बाटल्या उन्हात ठेवून रोज हुंगल्या. जवस नवव्या दिवशी खवट झालं. खोबरेल जानेवारीच्या थंडीत गोठून बसलं, म्हणून ते मोजायच्या आधी बाटली पोळ्यांच्या तव्याजवळ ठेवावी लागायची. एरंडेल इतकं चिकट की कंगवाच अडकला. हे सगळं तिने तारीख, वेळ, तापमान लिहून नोंदवलं.

यादीतलं सहावं नाव तिला आईने दिलं होतं. "आपल्यात अजून काय काय लावतात?" असं तिने विचारल्यावर स्वयंपाकघरातून आवाज आला होता, "खोबऱ्याचं, तिळाचं... आणि हिवाळ्यात कडू तेल. लीलाबाईंचं."

प्रणोतीने लिहिलं, कडू तेल. आणि पुढे कंसात लिहिलं, सरसों. मग मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेली आणि लहानपणापासून म्हणत आली होती तसंच म्हणाली, "भैया, कड़वा तेल देना, कच्ची घानी का." अख्खं जबलपूर मोहरीच्या तेलाला कड़वा तेलच म्हणतं.

लीलाबाईंनी दिलेली बाटली घरातच होती. न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात, खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तळाशी गाळ, बाहेरून चिकट, त्यावर धूळ. प्रणोतीने ती पाहिली होती. पण नमुना स्वच्छ हवा, म्हणून तिने बंद बाटली विकत आणली.

मंडळाच्या कार्यक्रमाला सत्तरेक बायका होत्या. प्रणोती हिंदीत बोलली. मराठी तिला समजायचं सगळं, पण तोंड उघडलं की वाक्य मधेच अडायचं आणि हिंदी शब्द उशी सरकवावी तसा खाली सरकायचा. सत्तर बायकांसमोर अडायचं कशाला? तिने तक्ता टांगला, सहा बाटल्या मांडल्या, टीपकागद फिरवले, केसांच्या जुडग्या दाखवल्या. बायका हसल्या, प्रश्न विचारू लागल्या. एरंडेल एकटं लावू नका, तिळात मिसळा. जवसाचं थोडंच आणा, थंड जागी ठेवा. बदाम महाग आहे म्हणून चांगलं, असं समजू नका.

मग तिसऱ्या रांगेतून अनसूयाबाईंनी हात वर केला. त्या दीक्षितपुऱ्यातल्या, आणि सगळ्या गमत्या बायकांना असतो तसा त्यांचा आवाज हॉलच्या टोकापर्यंत जाणारा. "और बेटा, कडू तेल? आपल्या लीलाबाईंचं? आम्ही तर तेच फासून राहिलो वीस वर्षं!"

हॉल हसला. लीलाबाई अनसूयाबाईंच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनीही पदर तोंडाला लावून हसून घेतलं.

प्रणोतीने बाही वर केली. "जी, वही तो है। कड़वा तेल, नंबर छह।" आणि तिने हात बायकांच्या दिशेने धरला. "ये देखिए, चार दिन में। बच्चों को तो बिल्कुल मत लगाइए।"

हॉलमधून एक लांब 'आई गं' गेला. पुढच्या बायका वाकून बघू लागल्या. कुणीतरी मोबाइल वर धरला. मग टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांत प्रणोतीला लीलाबाईंकडे बघायचं सुचलं नाही.

लीलाबाई अडुसष्ट वर्षांच्या. नवरा टिकाराम कारखान्यात होता, तो गेल्याला बारा वर्षं झाली. त्या स्वतः बालवाडीत मदतनीस होत्या, त्यामुळे वस्तीतली निम्मी माणसं कधीतरी त्यांच्या मांडीवर रडलेली. हिवाळा लागला की त्या तेल काढून आणायच्या, त्यात कापूर घालायच्या, आणि टाचांच्या भेगांना, पोरांच्या खरजेला, उललेल्या कातडीला लोक ते न्यायचे. त्यांच्याकडे जाताना रिकामी बाटली घेऊन जायची, एवढाच रिवाज होता. रिकामी बाटली दिसली की त्या विचारायच्या नाहीत, कशाला आली. बाटली घ्यायच्या आणि आत जायच्या.

कार्यक्रम संपल्यावर चहा होता. लीलाबाई नेहमीप्रमाणे पेले भरत होत्या. प्रणोती पेला घ्यायला गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला, बाही वर केली आणि सहाव्या चौकोनाकडे चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"लै जळलं का वं बाई?"

"नाही आजी, इतकं नाही. आता कमी आहे."

"तू कायले लावून घेतलं? मायावर लावलं असतं." आणि भाजलेल्या पोराच्या बोटावर फुंकर घालावी तशी त्यांनी त्या चौकोनावर फुंकर घातली. फुंकरीला सुपारीचा वास होता. प्रणोतीला गंमत वाटली. घरी येऊन तिने ती फुंकर आईला करून दाखवलीसुद्धा.

त्या कार्यक्रमाची दोन मिनिटांची चित्रफीत मंडळाच्या गटावर फिरली. तिथून दुसऱ्या वस्तीतल्या गटावर गेली. 'अपनी बेटी, अपना गौरव' असं कुणीतरी खाली लिहिलं. सुनेत्राने कोनाड्यातली बाटली उचलली, मोरीत ओतली आणि धुऊन भंगारात टाकली. दुसऱ्या एका महिला मंडळाने प्रणोतीला पुढच्या महिन्यात बोलावलं.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी, लीलाबाई घरी आल्या.

प्रणोती आतल्या खोलीत नव्या कार्यक्रमासाठी तक्ता मोठ्या अक्षरांत काढत होती. दार अर्धं उघडं होतं. बाहेर आईने पाणी दिल्याचा आवाज आला, मग लीलाबाईंचा, "बसत नाही सुनेत्रा. उभ्या उभ्या सांगून जातो. अजून तीन घरं राहिली."

"काय झालं मावशी?"

"हात जोडाले आली बाप्पा. तुमच्या घरी मी वीस वर्षं ते तेल देल्लं. तुया नवऱ्याच्या पायाले, या पोरीच्याही अंगाले लावलं असन लहानपणी. मले माहीत नोयतं. आता शिकलेल्या पोरीनं तपासून सांगितलं, तं माया हातानं किती लेकरं पोळली असतील, सांग! बालवाडीतले अर्धे लेकरं रडत तं मी म्हणो, रडू दे, गुण येते."

"असं काय बोलून राह्यल्या मावशी!"

"नाही, खरं आहे थे. आमच्या गल्लीतल्या विनतानं तं तोंडावर सांगितलं. तिच्या पोराच्या पायावर डाग हायेत ना? म्हणे, तुमच्याच तेलाचे हायेत. मी काय बोलणार? आणि पाह्य, इतके वर्षं मी त्या पनागरच्या रस्त्यानं करंजाच्या शेंगा वेचत फिरली. लोक म्हणत, बुढी पागल झाली. घाणीवाल्याच्या हातापाया पडून पिळून आणो. कायच्यासाठी? लोकाईची कातडी जाळाले."

प्रणोतीच्या हातातलं स्केचपेन कागदावर टेकलेलं होतं. त्याखाली निळा ठिपका वाढत वाढत वाटाण्याएवढा झाला.

करंजाच्या शेंगा.

मोहरीला कुणी रस्त्याच्या कडेने शेंगा वेचत नाही. करंज म्हणजे झाड. रस्त्याकडेला लावतात ते, चपट्या शेंगांचं, एका शेंगेत एक बी. त्या बीचं तेल गडद, तपकिरी, कडू वासाचं. कोनाड्यातल्या बाटलीत होतं तसं. तिच्या सहाव्या बाटलीतलं तेल सोनेरी पिवळं होतं. हे तिच्या वहीतच लिहिलेलं होतं: रंग सोनेरी पिवळा, वास तिखट, डोळ्यांत पाणी.

बाहेर लीलाबाई म्हणत होत्या, "हॉलमधे मी तुया पोरीच्या बाटलीत पाह्यलं, तं आपलं असं पिवळं नाही. मले वाटलं, तिनं गाळून साफ केलं असन. साफ करूनही जळलं, तं आपलं कच्चं तं काय करत असन."

आता दार ढकलून बाहेर जायचं आणि बोलायचं, इतकं ते सोपं होतं. अंतर चार पावलांचं होतं. प्रणोती उठलीही. पण दाराच्या फटीतून तिला लीलाबाईंचे जोडलेले हात दिसले, आणि ती पुन्हा बसली. लीलाबाई गेल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली उतरत गेला, आणि तो संपेपर्यंत प्रणोती तक्त्यातला निळा ठिपका चौकोनात बसवायचा प्रयत्न करत राहिली.

मग तिने स्वतःला सांगितलं, की आधी खात्री करायला हवी. न तपासता कसं बोलणार? हा विचार तिला फार शास्त्रीय वाटला. तिने आयुर्वेदिक दुकानातून करंजतेलाची बाटली आणली, उजव्या हातावर एक नवा चौकोन आखला, आणि तीन दिवस त्यात दोन-दोन थेंब लावत राहिली. त्या तीन दिवसांत लीलाबाईंची उरलेली तीन घरं झाली असणार, हे तिला माहीत होतं. चौकोनाला काही झालं नाही. लाली नाही, खाज नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला कळून चुकलं, की ती तेल तपासत नव्हती, तर दिवस ढकलत होती.

"हे काय नवीन?" सुनेत्राने तिचा उजवा हात धरला. वास घेतला. "अरे, हे तं कडू तेल! तूच तं म्हटलं नं लावायचं नाही?"

आईने वासावरून ओळखलं. एका क्षणात. विचारलं असतं तर त्या दिवशीही ओळखलं असतं.

"आई," प्रणोती म्हणाली, "मी लीलाआजींचं तेल तपासलंच नाही. मी सरसों तपासलं. कड़वा तेल."

सुनेत्रा तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे, आपलं कडू तेल तुले... कडू तेल म्हणजे करंज, हे तुले माहीत नोयतं?"

"नाही."

"घरात तं होतं ना गं ते! कोनाड्यात!"

"हो."

"मले काहून नाही विचारलं?"

उत्तर प्रणोतीला माहीत होतं. आईकडून नाव घ्यायचं आणि अर्थ स्वतः लावायचा, असंच ती लहानपणापासून करत आली होती. आईचं मराठी तिला नेहमी अर्धं-मुर्धं वाटायचं. घरचं, कामापुरतं, ज्याचं नीट भाषांतर करून घ्यावं लागतं असं.

सुनेत्रा खाटेवर बसली. "मी पण तं ओतून टाकलं," ती हळू म्हणाली. "मले माहीत होतं की ते पिवळं नसते. हॉलमधे तुयी बाटली दिसली तेव्हाच मनात आलं होतं. पण मी म्हटलं, हिनं तपासलं असन. एवढी शिकली." आणि मग तिने डोळे पुसले नाहीत की ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "उद्या सकाळी जा. मी येत नाही. तुलेच बोलायचं आहे."

दीक्षितपुऱ्यात, अनसूयाबाईंच्याच गल्लीत, लीलाबाईंच्या दोन खोल्या. दाराशी पायरीवर बाटल्या होत्या. औषधाच्या, सरबताच्या, एक बाळाच्या दुधाची. अकरा. सगळ्या भरलेल्या, सगळ्यांत तेच गडद तपकिरी तेल. लोकांनी परत आणून ठेवल्या होत्या. कुणी दार वाजवलं असेल, कुणी नसेल. प्रणोतीने त्या मोजल्या, आणि मोजल्या याचीच तिला लाज वाटली.

लीलाबाईंनी दार उघडलं. "अरे, आमची डॉक्टरीन! ये, ये. हात कसा हाये?"

"आजी, मला काहीतरी सांगायचं आहे."

"बस तं पहिले. चहा?"

"नाही, आजी, मैंने जो..." तिने पुन्हा सुरुवात केली. "मी जे तेल तपासलं ना, हॉलमधे, वो... ते तुमचं नव्हतं. ते सरसोंचं होतं. मोहरीचं. हिंदीत त्याला कड़वा तेल म्हणतात, म्हणून मला वाटलं कडू तेल म्हणजे तेच. तुमचं तेल करंजाचं आहे, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या तेलाने माझा हात जळला नाही. मोहरीने जळला."

लीलाबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"मायं तेल तू लावून पाह्यलंच नाही?"

"नाही."

"बाटली उघडून?"

"नाही आजी."

"वास?"

प्रणोतीने नाही अशी मान हलवली. हे तीन प्रश्न कुठल्याही प्रयोगशाळेत विचारले असते, याच क्रमाने.

पायरीवरच्या बाटल्यांकडे लीलाबाईंनी पाहिलं, मग प्रणोतीकडे. "मी सतरा घरी हात जोडले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सतरा. रात्री झोप नाही मले. डोळा लागला की बालवाडीतले लेकरं रडून राह्यले दिसे." मग एकदम, "अन तुले कधी समजलं हे?"

खोटं बोलायला जागा होती. काल, असं म्हणता आलं असतं.

"तुम्ही घरी आलात तेव्हाच. करंज म्हणालात, मी आतून ऐकलं. पण मी बाहेर नाही आले."

"चार दिवस झाले."

"हो."

लीलाबाई आत गेल्या. प्रणोतीला वाटलं, संपलं, आता दार लागेल. ते लागलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण लीलाबाई चपला घालून, डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आल्या आणि दाराला कडी लावली.

"चाल."

"कुठे?"

"जिथं जिथं मी हात जोडले तिथं."

"आजी, मी गटावर लिहून टाकते. सगळ्यांना एकदम कळेल, अभी के अभी..." तिने मोबाइल काढला. तो मजकूर तिने काल रात्रीपासून तीनदा लिहून तीनदा पुसला होता.

"थे टाक नंतर. मी घरोघर जाऊन तोंडानं सांगितलं, तू बी तोंडानं सांग." त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि वळल्या. "अन मराठीत सांगजो. त्या हिंदीतच तं सगळा घोटाळा झाला."

पहिलं घर अनसूयाबाईंचं, चार दारं सोडून. प्रणोतीने वाटेत वाक्यं जुळवली होती. ती तिने पाठ केलेल्या धड्यासारखी म्हटली: मी चूक केली, मी मोहरीचं तेल तपासलं, लीलाआजींचं तेल मी तपासलंच नव्हतं, नाव सारखं वाटलं म्हणून. अनसूयाबाई तोंड उघडं ठेवून ऐकत होत्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि खो खो हसायला लागल्या.

"म्हणजे सरसों! अरे देवा! आणि सवालही मीच विचारला!" त्या आत पळाल्या आणि एक बाटली नाचवत आल्या. "हे बघा लीलाबाई, मी फेकलंच नाही. न्हाणीत साबणाच्या डब्यामागं लपवून ठेवलं होतं. रोज लावून राहिली. म्हटलं, जळायची ती चामडी आतापर्यंत जळून झाली!"

लीलाबाईंना हसू आलं. प्रणोतीलाही आलं, आणि लगेच वाटलं, की हसायचा आपल्याला हक्क नाही.

"पण बेटा, चांगलं तं हाये ना हे तेल?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"ते..." प्रणोती अडखळली. "ते मी सांगू शकत नाही, काकू. मी माझ्या एका हातावर तीनच दिवस लावलं. तेवढ्यावरून चांगलं म्हणता येत नाही. मी एवढंच सांगते, की वाईट म्हणायचा मला हक्क नव्हता."

गल्लीत आल्यावर लीलाबाईंनी तिला कोपराने ढोसलं. "काहून वं? चांगलं हाये म्हणायले काय जाते तुयं?"

"आजी, न तपासता एकदा बोलले ना. आता परत नाही."

लीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पटलं की नाही, ते कळलं नाही. "लै कठीण हाये बाप्पा तुयं," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

दुसरं घर विनताचं होतं, गल्लीच्या तोंडाशी, निळ्या दाराचं. लीलाबाई दारापासून थोड्या अलीकडेच थांबल्या. पदर नीट केला. "इथं मले लै ऐकावं लागलं," त्या म्हणाल्या. "इथं नीट बोल."

विनता पस्तिशीची, शिलाई करणारी. दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मोजायची फीत होती. लीलाबाईंना पाहून तिचा चेहरा बंद झाला.

"ताई," प्रणोती म्हणाली, "वो जो मैंने..."

मागून कोपर लागलं.

"ताई, मी हॉलमधे जे तेल वाईट म्हटलं, ते लीलाआजींचं नव्हतं. ते मोहरीचं होतं. मी नाव ऐकलं आणि त्या नावाचं तेल दुकानातून आणलं. आजींची बाटली आमच्या घरात होती, मी ती उघडलीही नाही. चूक माझी आहे. आजींची नाही."

विनता तिच्याकडे बघत राहिली. मग लीलाबाईंकडे. मग परत तिच्याकडे.

"मग माझ्या पोराच्या पायावरचे डाग कशाचे?"

"मला माहीत नाही, ताई. डॉक्टरांना दाखवायला हवेत. तेलाचे आहेत असं मी म्हणू शकत नाही. नाहीत असंही नाही म्हणू शकत."

"वा!" विनताने फीत गळ्यातून काढून मुठीत गुंडाळली. "त्या दिवशी तं सगळं माहीत होतं तुला. माइक होता ना हातात." तिने उंबऱ्याकडे बोट केलं. "या हात जोडायला आल्या तेव्हा मी यांना काय काय बोलले, ते माहीत आहे का तुला? या माझ्या दारात उभ्या होत्या, इथंच, आणि मी म्हटलं, तुम्हाला स्वतःचं लेकरू नाही म्हणून लोकांच्या लेकरांची..." ती थांबली. तिने लीलाबाईंकडे पाहिलं नाही. "ते तू परत घेशील का? तू घेऊ शकते का ते परत?"

लीलाबाईंना मूल नव्हतं, हे तिला या क्षणापर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. दीक्षितपुऱ्यातल्या दोन खोल्यांत, अकरा बाटल्यांसोबत, हे वाक्य घेऊन बाई झोपत होती, की झोपत नव्हती. सत्तर बायका, दोन मिनिटांची चित्रफीत, टाळ्या, आणि त्याच्या टोकाला हे वाक्य. आपल्या तक्त्यात यासाठी रकानाच नव्हता, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःच्या त्या विचाराचाही वीट आला.

"राहू दे विनता," लीलाबाई म्हणाल्या.

"कसं राहू दे?"

"झालं थे झालं. मी विसरली म्हणत नाही. पण राहू दे." त्यांनी पायरीवर पाय ठेवला, वर चढल्या नाहीत. "पोराले डॉक्टरकडं दाखवजो. ही म्हणते तं दाखव. यावेळी तिनं बरोबर म्हटलं असन."

विनताने मान हलवली, हो की नाही ते समजलं नाही, आणि दार लोटून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला नाही. दोघी क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या. आतून शिवणयंत्र पुन्हा चालू होईल असं वाटत होतं, पण ते झालं नाही.

"आजी," प्रणोती म्हणाली, "मला माफ करा."

हे तिने सकाळपासून म्हटलंच नव्हतं. चूक सांगितली होती, कारण सांगितलं होतं, मोहरी आणि करंज यांतला फरक सांगितला होता. हा शब्द आता आला, आणि येताना मराठीतच आला.

लीलाबाईंनी बोटांवर मोजलं. "दोन झाली. तुयं घर सोडून चौदा राहिली. आज जेवणाच्या पहिले चार करू, उरलेली उद्या." मग तिच्या डाव्या हाताकडे नजर गेली. सहावा चौकोन पुसट झाला होता, लाली केव्हाच उतरली होती, शाईची फक्त एक कड उरली होती. लीलाबाईंनी तो पाहिला आणि या वेळी फुंकर घातली नाही.

तिसरं घर रस्त्यापलीकडे होतं. लीलाबाईंनी दाराची बेल वाजवली आणि त्या बाजूला सरकल्या, दारासमोरची जागा प्रणोतीसाठी मोकळी ठेवून.